माळ्याची जबानी राहिली : ‘द मूनस्टोन’ ऐकताना

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ वाचायची की ऐकायची, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, ऐका. पुस्तक १८६८ सालचं, जाडजूड, इंग्रजी जुन्या वळणाचं. छापील प्रत आमच्या कपाटात वर्षानुवर्षं होती आणि तिच्यावर धूळ बसण्यापलीकडे काही झालं नाही. ऐकायला लागले आणि सिन्नरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये उतरायची वेळ झाली तरी कानातलं काढवेना. कवी आणि समीक्षक टी. एस. एलियटने या कादंबरीला आधुनिक इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतली पहिली, सगळ्यात लांब आणि सगळ्यात चांगली म्हटलंय. त्यातल्या ‘सगळ्यात लांब’बद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

कुठे ऐकायची ते आधी सांगते, कारण इथेच पैसे वाया जातात. मी सुरुवात एका पैसे घेणाऱ्या ॲपवर केली. ऐकता ऐकता कथा अशी धावायला लागली की मला शंका आली. पाहिलं तर ती संक्षिप्त आवृत्ती होती, आणि तसं ठळकपणे कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. या कादंबरीचं पूर्ण वाचन वीस तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतं. सात-आठ तासांत संपत असेल तर कात्री लागलीय समजा, आणि ती लागते नेमकी गमतीच्या भागाला. मग मी गेले लिब्रिव्हॉक्सवर. २००५ साली सुरू झालेला हा उपक्रम आहे. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं जगभरातले स्वयंसेवक घरी बसून वाचतात, ध्वनिमुद्रित करतात आणि ती सगळ्यांना फुकट मिळतात. कॉलिन्स १८८९ साली वारला, त्यामुळे ही कादंबरीही तिथे खुली आहे. ‘मूनस्टोन’चं एक वाचन असं आहे की जे अनेकांनी वाटून घेतलंय. मी ते निवडलं. दर भागाच्या सुरुवातीला ‘हे लिब्रिव्हॉक्सचं ध्वनिमुद्रण आहे’ ही घोषणा येते. पहिल्यांदा ती खटकते. नंतर मला ती कोर्टातल्या पुकाऱ्यासारखी वाटायला लागली, अमुक अमुक हाजिर हो!

कोर्ट उगाच आठवलं नाही. पण आधी कथा, रहस्य न फोडता.

४ मे १७९९. इंग्रज श्रीरंगपट्टण घेतात, टिपू पडतो, लुटालूट सुरू होते. टिपूच्या शस्त्रागारात एका खंजिराच्या मुठीत बसवलेला पिवळा हिरा असतो. हर्नकॅसल नावाचा अधिकारी तो लांबवतो. हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावरचा. तिथून तो काशीला जातो, मग मोगलांच्या काळात लुटला जातो, आणि पिढ्यान् पिढ्या तीन ब्राह्मण वेषांतर करून त्याच्या मागावर असतात. अर्धशतकाने, १८४८ च्या जूनमध्ये, हा हिरा इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये एका मुलीला, रेचलला, अठराव्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. घरात पाहुणे, नोकरचाकर, बाहेर जादूचे खेळ करणारे तीन हिंदुस्थानी. घ्या, शोधा.

(मराठी कानाला इथे एक गंमत जाणवते. सोमनाथ आणि काशी, कॉलिन्सने हिऱ्यासाठी निवडलेली ही दोन्ही ठिकाणं अहिल्याबाईंची. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये उभं केलं, सोमनाथचं १७८३ मध्ये. म्हणजे कादंबरीतले ते तीन ब्राह्मण १७९९ साली जेव्हा हिऱ्यासाठी जीव धोक्यात घालत होते, तेव्हा ही दोन्ही देवळं जेमतेम वीस वर्षांची होती. कॉलिन्सला याचा पत्ता असेल असं वाटत नाही. हिंदुस्थान त्याच्यासाठी ऐकीव माल होता.)

आता खरी गोष्ट. ही कादंबरी एक माणूस सांगत नाही. चोरीनंतर दोनेक वर्षांनी घरातला एक तरुण, फ्रँकलिन ब्लेक, ठरवतो की जे घडलं ते प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहून काढायचं. अट एकच. ज्याने जे स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच त्याने सांगायचं. पुढे काय झालं ते आज ठाऊक असलं तरी त्या वेळी जेवढं ठाऊक होतं तिथेच थांबायचं. मग घरचा म्हातारा कारभारी सांगतो, एक गरीब नातेवाईक बाई सांगते, वकील सांगतो, ब्लेक स्वतः सांगतो, डॉक्टरचा मदतनीस रोजनिशी देतो. कॉलिन्सला १८५१ साली वकिलीची सनद मिळाली होती. वकिली त्याने केली नाही, पण साक्षीदार कसे बोलतात ते त्याच्या कानात पक्कं बसलेलं होतं.

माझे वडील, अण्णा, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात साक्षी टाईप करायचे. सीबीएसजवळची, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळची, ती दगडी इमारत, बाहेर स्टॅम्पवाले, आत पंख्याचा आवाज आणि त्याच्यावर कडी करणारा अण्णांच्या मशिनचा आवाज. ज्यांनी कोर्ट पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं लिहिलं जातं. तसं नसतं. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार मान हलवतो, अडखळतो, भलतंच काही बोलतो, वकील पुन्हा विचारतो, आणि मग साहेब टंकलेखकाकडे वळून त्याचं एक धड वाक्य करून सांगतात. ‘मी सकाळी सहाच्या सुमारास विहिरीवर गेलो होतो.’ प्रश्न कागदावर येत नाही. घाम येत नाही. विचारल्यावर साक्षीदार किती वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला, ते येत नाही. आणि प्रत्येक उलटतपासाचा शेवट ठरलेला असायचा, ‘मी खोटे सांगत आहे असे म्हणणे खरे नाही.’ आम्हा भावंडांना हे वाक्य पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. दुधाचं पातेलं कुणी उपडं केलं याची चौकशी चालू असताना माझा भाऊ, वय वर्षं सहा, छातीवर हात ठेवून हेच म्हणायचा.

घरीही अण्णांचा कायदा तोच होता. वाड्यातली कुणी काकू सांगत आली, ‘अहो, ती समोरची पोरगी म्हणे रात्री…’ की अण्णा पेपरातून मान न काढता विचारायचे, ‘तुम्ही होतात का तिथे, ताई?’ काकू म्हणायची, ‘मी कशाला असेन, मला शिंपिणीने सांगितलं.’ ‘मग शिंपिणीला पाठवा.’ आईला हे आवडायचं नाही, माणसं तुटतात म्हणायची. पण आमच्या घरात चहाड्या टिकल्या नाहीत हे खरं.

त्यामुळे पहिल्याच भागात ब्लेक म्हाताऱ्या बेटरएजला सांगतो की तू स्वतः पाहिलंस तेवढंच लिही, तेव्हा मला बसमध्ये हसू आलं. शेजारच्या सीटवरची पोरगी बघायला लागली.

गॅब्रिएल बेटरएज, घरचा कारभारी, सत्तरी ओलांडलेला. मूनस्टोनचा सुमारे पहिला निम्मा भाग त्याचा आहे, आणि पुस्तकाचा जीवही तोच. गोष्ट सांगायला बसतो आणि स्वतःच्या लग्नाकडे वळतो. मग वाचकाची माफी मागतो, मग पुन्हा वळतो. अडचण आली की पाइप पेटवतो आणि ‘रॉबिन्सन क्रूसो’ कुठेही उघडतो. जे पान निघेल त्यात त्याला उत्तर सापडतंच. आमच्याकडे या कामाला दासबोध होता. अण्णा उघडायचे, बोट ठेवायचे आणि वाचायचे. बदलीचा अर्ज करावा की नाही हेसुद्धा त्यांनी समर्थांना विचारलेलं मला आठवतं. समर्थांनी काय सांगितलं ते आठवत नाही, बदली मात्र झाली नाही. बेटरएजची मुलगी पेनेलोप रोजनिशी लिहिते आणि बापाला तारखा पुरवते, पण वही काही त्याच्या हातात देत नाही. बाप-लेकीतली ही देवघेव कॉलिन्सने फार थोडक्या वाक्यांत उभी केलीय. कानाने ऐकताना तर म्हातारा मुलीचं नाव घेताना आवाज कसा सैल सोडतो ते कळतं. मी निवडलेल्या ध्वनिमुद्रणात हा भाग वाचणाऱ्याने घाई केलेली नाही, हे त्याचे उपकार.

इथेच ऐकण्याचा फायदा लक्षात यायला लागतो. छापील पानावर सगळे साक्षीदार एकाच ठशात असतात. कुणावर किती विश्वास टाकायचा ते डोळ्यांना लवकर कळत नाही. आवाज बदलला की ताबडतोब कळतं. माणूस बदलला, आता पहिल्यापासून तोलायचं. अण्णा आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकायचे तेव्हा आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे. मी विचारलं होतं, झोपलात का? म्हणाले, ‘चेहरा दिसला की माणूस फसतो. थापा कानाला आधी कळतात.’ दिवसभर समोर चेहरे पाहूनही हा त्यांचा अनुभव होता. आणि त्यांचा अर्धा त्रागाही तोच होता की जे कानाला कळतं ते टाईप करायला जागा नाही. साक्षीदाराच्या वागणुकीबद्दल शेरा लिहायचा अधिकार कायद्याने न्यायाधीशाला आहे, पण तो क्वचितच वापरला जायचा. टंकलेखकाला तर तो नाहीच. म्हणून ते शेरे घरी यायचे. जेवताना. नावं कधीच नाहीत. ‘एक इसम’, ‘एक बाई’, ‘इसमाचा मेहुणा’. इसम कुठे थांबला ते अण्णा स्वतः थांबून दाखवायचे, घास हातात तसाच धरून. आणि गोष्ट ऐन रंगात आली की, ‘पुढचं?’ ‘पुढचं साहेब ठरवतील. माझं काम लिहून घ्यायचं.’ माझं सगळं लहानपण निकाल न लागलेल्या गोष्टींत गेलं.

हे सगळं बाहेर कसं आलं, तर आईमुळे. आईला इंग्रजी फारसं कळत नाही. पण मी संध्याकाळी घरी आले की भाजी निवडता निवडता तिला दिवसभरात ऐकलेलं सांगायला लागले, आणि ती अशी अडकली की ‘आज कुठवर आलं?’ हा दारातला पहिला प्रश्न झाला. चहा नंतर.

तिला सगळ्यात आवडला सार्जंट कफ. लंडनहून आलेला पोलीस अधिकारी, हडकुळा, काळ्या कपड्यांतला, चेहरा सुकलेल्या पानासारखा, आणि चौकशीपेक्षा जास्त जीव गुलाबात. आल्या आल्या हिऱ्याचं राहिलं बाजूला, तो बागेतल्या माळ्याशी, बेग्बीशी, भांडायला लागतो. वाद असा की पांढरा मॉस रोझ, म्हणजे ज्याच्या कळीवर शेवाळासारखी लव असते तो गुलाब, नीट वाढायला रानगुलाबाच्या खुंटावर त्याचा डोळा भरावा लागतो, म्हणजे कलम करावं लागतं, की नाही. माळी म्हणतो लागतो. कफ म्हणतो नाही.

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. ‘लागतोच. पोलिसाला काय कळतं?’

आमच्या गच्चीवर तिचे गुलाब आहेत. दर थंडीत ती गावठी गुलाबाच्या खुंटावर डोळे भरते. सालीला टीच्या आकाराची चीर द्यायची, साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची, चांगल्या झाडावरून ढालीसारखा कापलेला डोळा आत सरकवायचा, आणि प्लास्टिकच्या पट्टीने असं बांधायचं की डोळा तेवढा उघडा राहील. पाणी शिरलं की संपलं. हे काम करताना ती कुणाला बोलू देत नाही. तर तिचा निकाल लागला. माळी खरा, कफ खोटा, आणि जो माणूस डोळ्याच्या बाबतीत चुकतो तो चोराच्या बाबतीतही चुकणार. पुढे काय होतं ते मी इथे सांगत नाही. आईचा तर्क तुम्ही ऐकताना तपासून पाहा.

पण कफची एक गोष्ट तिलाही मानावी लागली. रेचलच्या खोलीच्या दाराला ताजा रंग दिलेला असतो आणि त्यातला एका छोट्याशा जागेचा रंग पुसला गेलेला असतो. आधी आलेला स्थानिक अधिकारी त्याला क्षुल्लक म्हणून उडवून लावतो. बायकांच्या घागऱ्यांनी झालं असेल, असं म्हणतो. कफ म्हणतो, या घाणेरड्या जगात फिरताना मला क्षुल्लक गोष्ट अजून भेटलेली नाही. मग तो रंग किती तासांत वाळतो ते विचारतो आणि घरातली धोब्याची वही मागवतो. कुणाचा कपडा धुण्याला गेला, कुणाचा नाही. धोब्याची वही! आमच्या घरी ती फळीवर दोरीला बांधलेली असायची, लुगडी चार, धोतर एक, शर्ट सहा, उशीचे अभ्रे. आई म्हणाली, ‘हे कुणा पुरुषाला सुचलं?’ सुचलं ते बहुधा एका खऱ्या खटल्यावरून. १८६० साली इंग्लंडात रोड हिल हाऊस नावाच्या घरात एका लहान मुलाचा खून झाला होता. स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचरने धुण्याच्या यादीतून हरवलेल्या एका रात्रीच्या झग्यावर बोट ठेवलं, घरातल्याच मुलीवर संशय घेतला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, त्या मुलीने, कॉन्स्टन्स केंटने, कबुली दिली. कॉलिन्सच्या वाचकांना हे सगळं ताजं होतं. झग्याचा उल्लेख आल्यावर त्यांचे कान टवकारले असणार.

बेटरएजनंतर साक्षीला येते मिस क्लॅक, आणि हा भाग तुम्ही बसमध्ये ऐकू नये. हसायला येतं. ही दूरची गरीब नातेवाईक, महाधार्मिक. जिथे जाईल तिथे उपदेशाच्या छोट्या पुस्तिका ठेवत जाते. उशीखाली, कोचावर, फुलांच्या कुंड्यांत, न्हाणीघरात. मनातून प्रत्येकाचा दुस्वास आणि तोंडात सतत क्षमा. एका प्रसंगी ती पडद्याआड लपून दोन माणसांचं अत्यंत खासगी बोलणं ऐकते आणि तेही पुण्यकर्म म्हणून सांगते. मी आईला म्हटलं, अण्णांच्या कायद्यात हे बसेल का? आई म्हणाली, ‘बसेल की. लपून ऐकलं, पण स्वतःच्या कानांनी ऐकलं ना?’ इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढल्यावर ती अर्धी वकील झालीय.

क्लॅकचा भाग ज्या बाईंनी वाचलाय त्यांचा आवाज खरोखर गोड आहे, आणि त्यामुळे तो जास्तच विखारी वाटतो. पण याच भागाची एक कथा मला नंतर कळली आणि मी तो पुन्हा लावला. ‘मूनस्टोन’ डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात जानेवारी ते ऑगस्ट १८६८ दर आठवड्याला येत होती. एक तृतीयांशही लिहून झाली नव्हती तेव्हा कॉलिन्सची आई गावाकडच्या घरात मरणाच्या दारात होती, आणि हा लंडनमध्ये संधिवाताने असा जखडला की जागचा हलेना. हातात लेखणी धरवेना. साप्ताहिक थांबणार नव्हतं. मग त्याने अंथरुणावर पडून सांगितलं आणि दुसऱ्याने लिहून घेतलं. १८७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्वतः हे दिलंय. दर आठवड्याच्या त्या जबाबदारीने उठवून बसवलं नसतं तर आपण पुन्हा लिहिलं असतं की नाही कोण जाणे, असंही म्हटलंय. दुखणं शमवायला अफूचा अर्क घेत होता. त्याची आई त्या मार्चमध्ये गेली. आणि त्या दिवसांत, कण्हत, त्याने सांगितलेलं काय? तर मिस क्लॅक. पुस्तकातला सगळ्यात विनोदी भाग.

म्हणजे, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, तो भाग आधी बोलला गेला आणि मग कागदावर उतरला. ऐकण्यासाठी यापेक्षा मोठी शिफारस मी काय करू?

मला मात्र लिहून घेणारा आठवत राहिला. कुणीतरी त्या खाटेपाशी बसलं असणार. लेखक कण्हतोय ते लिहायचं नाही, वाक्य तेवढं लिहायचं. अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांना विचारलं होतं की एवढ्या साक्षींतली कुठली लक्षात राहिली. म्हणाले, एक म्हातारी होती, मुलाच्या विरुद्ध साक्षीला उभी केलेली. तिने एका प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. साहेब वाट पाहत होते, वकील वाट पाहत होता, मी बोटं मशिनवर ठेवून बसलो होतो. शेवटी साहेबांनी पुढचा प्रश्न घ्यायला लावला. कागदावर दोन वाक्यं लागून आली, मध्ये काही नाही. ‘पण मला अजून तो कागद पाहिला तर बोट ठेवून सांगता येईल, इथे होती ती गप्प.’

मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने दुसरंच उघड केलं. म्हणाली, ‘त्या मुलाला सोडला. पुरावा पडला कमी.’ मी उडालेच. तुला कसं माहीत? तर म्हणे, निकाल लागला की रात्री मला सांगायचे. ‘तुम्हा पोरांना नाही सांगायचे. पोरं बाहेर बोलतात.’ म्हणजे आमच्या ताटाशी अर्धवट सुटलेल्या त्या सगळ्या गोष्टींचे निकाल माझ्या आईपाशी जमा आहेत! त्या संध्याकाळी ‘मूनस्टोन’ बाजूला राहिली. विहिरीवरच्या इसमाचं काय झालं? मेहुण्याचं? बरेचसे तिला आठवतात, काही ती आता स्वतःच ठोकून देते असा मला संशय आहे, आणि उलटतपासाला ती दाद देत नाही.

कादंबरीकडे येते. दोष आहेत. क्लॅकनंतर वकील ब्रफचा भाग लहान आहे म्हणून निभावतो, पण पुढे ब्लेकच्या हाती कथा गेल्यावर ती मध्ये बरीच रेंगाळते. हा तरुण प्रेमात आहे, कर्जात आहे, आणि स्वतःबद्दल बोलायला थकत नाही. इथे मी वेग सव्वापट केला. तुम्हीही करा, काही बिघडत नाही. फक्त रोझॅना स्पिअरमन या मोलकरणीचं पत्र येईल तेव्हा वेग पुन्हा साधा करा. ती आधी चोरी करून तुरुंगात गेलेली, आता सुधारलेली, दिसायला साधी, एक खांदा वाकडा, आणि समुद्रकाठच्या थरथरणाऱ्या वाळूच्या दलदलीपाशी एकटी जाऊन बसणारी. १८६८ सालच्या कादंबरीत मोलकरणीला इतकं मन दिलेलं मला अपेक्षित नव्हतं. मी पत्र संपेपर्यंत गेटबाहेर उभी राहिले आणि कामावर उशिराची नोंद करून घेतली.

हिंदुस्थानी माणसांबद्दल लोक विचारतील. तीन ब्राह्मण सदैव सावलीत. त्यांना नाव नाही, साक्ष नाही, त्यांच्याबद्दल दुसरेच बोलतात. गोरी पात्रं त्यांना पाहून जे बोलतात त्यातलं पुष्कळ आज ऐकवत नाही. पण कॉलिन्स चोर कुणाला म्हणतो ते पाहा. पहिल्याच प्रकरणात चोरी इंग्रज अधिकारी करतो, तीही रक्त सांडून, आणि ज्यांचा हिरा आहे ते त्याच्यासाठी समुद्र ओलांडून स्वतःची जात घालवतात. कोहिनूर लंडनला पोचून तेव्हा वीसही वर्षं झाली नव्हती, आणि प्रस्तावनेत त्याने त्याचं नाव घेतलंय. १८५७ ला तर अकराच वर्षं उलटलेली. त्या वाचकांपुढे हे मांडायला छाती लागते. शेवटचं दृश्य काठेवाडात आहे. त्यात काय होतं ते सांगत नाही. हेडफोन लावून, गर्दीत नको, एवढंच.

ज्यांचं इंग्रजी कानाला अजून सरावलेलं नाही त्यांच्यासाठी, पहिले दोन-तीन भाग मजकूर समोर ठेवून ऐका. तोही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. बेटरएजचा सूर एकदा सापडला की मजकूर लागत नाही. अनेकांच्या वाचनात उच्चार देशोदेशीचे येतात, कुणाचा अमेरिकन, कुणाचा ब्रिटिश. ज्यांना एकच सराईत नट हवा त्यांनी विकतचं घ्यावं, वर सांगितलेली तासांची खूण पाहून. मला निरनिराळे आवाजच हवे होते. साक्षीदार वेगळे, तर आवाज वेगळे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा ब्लेकच्या रडगाण्याचा कापला. आई चारच्या वर जायला तयार नाही. तिचं म्हणणं, कारभाऱ्यापासून डॉक्टरच्या मदतनिसापर्यंत सगळ्यांना बोलावलं, आणि ज्याला त्या बागेतलं खरं काय ते कळत होतं त्या माळ्याची जबानी घेतलीच नाही.